जुना संगणक, त्याचा वेग व त्याची मूळ आज्ञावली

विद्यार्थिमित्रहो, शापोरा नदीवर चोपडे व शिवोली यांना जोडणारा पूल झाला नव्हता, त्या काळची हकीकत आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा. बार्देशात बाजाराला, कचेरीला किंवा महाविद्यालयात जाणारा माणूस चोपड्याच्या धक्क्यावर येई. फेरीबोट पलीकडच्या तीराला असली, तर ती परत येईपर्यंत तो तेथेच उभा राही. आणि एकदा बोटीत पाऊल टाकले की थोड्याच मिनिटांत नदी ओलांडून जाई. त्याचा खरा वेळ जात असे तो नदी ओलांडण्यात नव्हे, तर धक्क्यावर वाट पाहण्यात. अशा स्थितीत बोटीचे इंजिन अधिक जोराने चालवून त्या माणसाचा कितीसा वेळ वाचला असता? हा प्रश्न वाचकांनी मनात ठेवावा. प्रस्तुत लेखाचा विषय नदी किंवा बोट नसून घरातील जुना संगणक हा आहे. तथापि या प्रश्नाचा त्याच्याशी फार निकटचा संबंध आहे.

२००२ च्या सुमारास गोवा शासनाने 'सायबरएज' या योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक देण्यास प्रारंभ केला आणि पेडणे, डिचोलीसारख्या तालुक्यांतील अनेक घरांत हे यंत्र प्रथमच आले. त्यानंतरच्या काळात कोणी नवे, कोणी वापरलेले असे संगणक विकत घेतले. आज त्यांतील पुष्कळ यंत्रे मंद झाली आहेत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य संपले, आणि 'विंडोज ११' ला लागणारी सुरक्षासामग्री जुन्या यंत्रांत नाही. सर्वच कुटुंबांना नवा संगणक घेणे परवडते असे नाही. अशा वेळी घरातील उत्साही मुलाच्या कानावर दोन उपाय येतात. एक म्हणजे संगणकाचे घड्याळ ठरलेल्या वेगापुढे रेटणे. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. दुसरा म्हणजे यंत्राच्या अंगी बसवलेली मूळ आज्ञावली बदलणे. तिला फर्मवेअर म्हणतात. हे दोन्ही उपाय खरे आहेत, उपयुक्तही आहेत. परंतु दोहोंतही यंत्र कायमचे निकामी होण्याचा धोका आहे. घरात संगणक एकच असेल आणि मुलाचा अभ्यास त्याच्यावर अवलंबून असेल, तर हा धोका लहान नव्हे. म्हणून हे उपाय म्हणजे काय, त्यांपासून किती मिळते आणि किती गमावण्याची शक्यता असते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

घड्याळाचे ठोके

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हा मेंदू काम करतो ते एका तालावर. दिंडीत मृदंगाच्या ठेक्यावर सर्वांची पावले एकदम पडावीत, त्याप्रमाणे प्रोसेसरमधील कोट्यवधी सूक्ष्म विद्युत्-कळा एका ठोक्याबरोबर आपापली स्थिती बदलतात. हा ठोका मदरबोर्डवरील क्वार्ट्झच्या स्फटिकापासून उत्पन्न होतो. एका सेकंदात एक ठोका म्हणजे एक हर्ट्झ. दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. आणि शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ.

मदरबोर्डचा ठोका व प्रोसेसरचा ठोका एकच नसतात. मदरबोर्डच्या ठोक्याला एका ठरावीक गुणकाने गुणून प्रोसेसर आपला वेग ठरवितो. २००८ साली निघालेल्या इंटेलच्या 'पेंटियम ड्युअल-कोअर ई५२००' या प्रोसेसरचे उदाहरण घेऊ. त्याचा मूळ ठोका २०० मेगाहर्ट्झ व गुणक साडेबारा. २०० ला १२.५ ने गुणिले असता २५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे अडीच गिगाहर्ट्झ होतात. आता मूळ ठोका २०० ऐवजी २२० केला, तर गुणक तोच राहून वेग २७५० मेगाहर्ट्झ होईल. २४० केला, तर ३००० होईल. ओव्हरक्लॉकिंगचे गणित मूलतः एवढेच आहे.

या उद्योगाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आय.बी.एम. कंपनीने १९८४ साली 'पीसी एटी' हा संगणक बाजारात आणिला, तेव्हा त्याचा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. त्यातील १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्झचा बसविला, की तोच प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झवर चालतो, हे चतुर ग्राहकांच्या ध्यानी आले. कंपनीला हे रुचले नाही. तिने पुढील यंत्रांच्या मूळ आज्ञावलीत वेग तपासण्याची सोय केली. वेग ठरल्याहून अधिक आढळला की यंत्र सुरूच होईना. म्हणजे वेग आणि मूळ आज्ञावली यांचे नाते तेव्हापासूनचे आहे. पुढे १९९८ साली इंटेलचा 'सेलेरॉन ३००ए' हा स्वस्त प्रोसेसर निघाला. ६६ मेगाहर्ट्झचा ठोका आणि साडेचारचा गुणक मिळून त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. मूळ ठोका १०० वर नेला, की तो ४५० मेगाहर्ट्झवर चाले, आणि त्यातील बहुतेक नग हा भार सुखाने सोशीत. जगभरच्या हौशी मंडळींत त्याचे नाव आजही घेतले जाते.

एखादा प्रोसेसर ठरल्याहून अधिक वेग सोसतो तो का? कारखान्यात एकाच साच्याचे प्रोसेसर तयार होतात, पण सर्व अगदी सारखे उतरत नाहीत. ते तपासून निरनिराळ्या वेगांचे म्हणून विकले जातात. शिवाय उन्हाळ्यातील उष्णता, विजेच्या दाबातील चढउतार आणि पुढील अनेक वर्षांची झीज लक्षात घेऊन निर्माता थोडी शिल्लक राखून ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही शिल्लक खर्च करीत असतो. नव्या यंत्रात ती पुरेशी असते. पंधरा वर्षे चाललेल्या यंत्रात त्यातील किती उरली आहे, हे बाहेरून कळण्यास मार्ग नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंटेलच्या बहुतेक सर्वसाधारण प्रोसेसरांचे गुणक बंदिस्त असतात, आणि २०११ पासून इंटेलने मूळ ठोक्याशी यंत्रातील इतर भागही असे जोडले, की तो फारसा वाढविता येत नाही. नावाअखेर 'के' हे अक्षर असलेले थोडे प्रोसेसर यास अपवाद आहेत. तसेच कचेऱ्यांसाठी तयार झालेल्या मोठ्या कंपन्यांच्या डेस्कटॉपमध्ये ही सोय बहुधा ठेवलेलीच नसते. म्हणून आपल्या यंत्रात हे शक्य तरी आहे काय, हे प्रथम पाहावे.

उष्णतेचा हिशेब

निसर्गात काहीही फुकट मिळत नाही. प्रोसेसरमधील कळांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती ही ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे. समजा, आपण वेग २० टक्के वाढविला. एवढ्या वेगात प्रोसेसर अडखळू लागला, म्हणून विजेचा दाब १.२५ व्होल्टवरून १.३५ व्होल्टवर नेला. दाब १.०८ पट झाला. त्याचा वर्ग सुमारे १.१७, त्याला वेगाच्या १.२० ने गुणिले असता सुमारे १.४० येतात. म्हणजे वेगात २० टक्के लाभ आणि उष्णतेत ४० टक्के वाढ! जेथे पूर्वी ५० वॅट उष्णता बाहेर टाकावी लागे, तेथे आता ७० वॅट टाकावी लागेल.

ही उष्णता जाणार कोठे? प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा असतो व त्यावर पंखा. पंखा खोलीतील हवाच त्या पात्यांवर फेकतो. तेव्हा प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड होणे शक्य नाही. थंड हवेच्या देशात जे प्रयोग सहज साधतात, ते वैशाखातील दुपारी आपल्या कौलारू घरात साधतीलच असे नाही. त्यात आमच्या या किनारपट्टीचे हवामान आणखी वेगळे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवेत ओल असते. मोरजी, मांद्रे, हरमल या गावांतून समुद्राचे खारे वारे वाहतात. ओल आणि क्षार यांच्या संगतीने धातूचे जोड गंजतात. यंत्रात धूळ साचून तिला ओल लागली, की पात्यांच्या फटी बुजतात आणि उष्णता आतच कोंडते.

जुन्या मदरबोर्डवर कपॅसिटर नावाची लहान नळकांडी असतात. विजेचा प्रवाह सारखा राखणे हे त्यांचे काम. १९९९ ते २००७ या सुमारास बनलेल्या अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसविले गेले होते; ते माथ्यावर फुगतात, कधी त्यांतून तपकिरी द्रव पाझरतो. असे एक जरी नळकांडे दिसले, तरी त्या यंत्राचा वेग वाढविण्याचा विचार तत्काळ सोडून द्यावा. याखेरीज फार जुन्या बोर्डांवर मूळ ठोका वाढविला, की रॅम व हार्डडिस्क यांच्याकडे जाणाऱ्या वाटांचे ठोकेही त्याबरोबर वाढतात. परिणामी यंत्र चालू असल्यासारखे दिसते, पण डिस्कवर चुकीची अक्षरे लिहिली जातात. बंद पडलेले यंत्र निदान आपला दोष सांगते. असे यंत्र मुकाट्याने आपले लेखन बिघडविते. हा धोका अधिक कपटी होय.

मूळ आज्ञावली

आता दुसऱ्या उपायाकडे वळू. संगणकाचे बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. रॅम किती, कळफलक कोठे, डिस्क कोणती, यांपैकी कशाचीही त्याला जाणीव नसते. त्या वेळी मदरबोर्डवरील एका लहान चिपमध्ये लिहून ठेवलेली आज्ञावली त्याला हाताशी धरून उभा करते. तीच सर्व भाग तपासते आणि मग कार्यप्रणालीला हाक मारते. या आज्ञावलीला बायोस असे नाव आहे. गॅरी किल्डॉल या संगणकतज्ज्ञाने १९७५ च्या सुमारास आपल्या 'सीपी/एम' या कार्यप्रणालीत हे नाव प्रथम योजिले. १९८१ च्या पहिल्या आय.बी.एम. पीसीतील बायोस अवघ्या ८ किलोबाइटचा होता. २००५ नंतर यूईएफआय नावाची नवी पद्धत हळूहळू त्याची जागा घेऊ लागली. तरी जनमानसात बायोस हाच शब्द रूढ राहिला.

प्रथम ही आज्ञावली कायमची कोरलेली असे. बदलावयाची झाल्यास चिपच बदलावी लागे. पुढे फ्लॅश जातीच्या चिपा आल्या आणि ती पुसून पुन्हा लिहिणे शक्य झाले. या सोयीने मोठे लाभ झाले. जुन्या बायोसना हार्डडिस्कवरील जागेचे क्रमांक मोजण्यासाठी २८ द्विमान अंकांचीच सोय होती. २ चा २८ वा घात आणि प्रत्येक खणात ५१२ बाइट, हा गुणाकार केला असता सुमारे १३७ अब्ज बाइट येतात. त्यापलीकडची डिस्क बसविली, तरी यंत्राला ती दिसत नसे. बायोस सुधारला की दिसू लागे. तसेच वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक लक्षात ठेवणाऱ्या यंत्रांना २००० साल उजाडताना जी अडचण येणार होती, तीही अनेक ठिकाणी बायोस बदलून दूर झाली. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरांच्या रचनेतील 'स्पेक्टर' व 'मेल्टडाउन' हे दोष उघडकीस आले, तेव्हाही कित्येक यंत्रांसाठी दुरुस्ती मूळ आज्ञावलीच्या द्वारे आली. मात्र काही फार जुन्या प्रोसेसरांसाठी इंटेलने ती दुरुस्ती दिली नाही.

परंतु जी चिप पुसता येते, ती पुसलीही जाऊ शकते. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ साली 'सीआयएच' नावाचा विषाणू तयार केला. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जगभरच्या यंत्रांत जागा झाला. त्याने डिस्कवरील मजकूर नष्ट केलाच, शिवाय कित्येक यंत्रांचा बायोसही पुसून टाकला. ती यंत्रे बटण दाबूनही मुकीच राहिली. मूळ आज्ञावली गेली म्हणजे काय होते, याचा तो जगाला मिळालेला धडा होता.

असा नाश व्हावयास विषाणूच हवा असे नाही. वीज गेली तरी पुरे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी आषाढातील एका सायंकाळी आपल्या संगणकाचा बायोस बदलावयास घेतला. जुना मजकूर पुसून झाला होता, नवा अर्धाच लिहिला गेला होता, इतक्यात वीज गेली. यूपीएस नव्हते. वीज परतली तेव्हा पंखा फिरू लागला, दिवा लागला, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. पुढे एका जाणत्या कारागिराने ती आठ पायांची चिप काढून निराळ्या उपकरणावर पुन्हा लिहून दिली, म्हणून यंत्र वाचले. आणि हे सर्व कशासाठी? नवा बायोस आला आहे असे दिसले, एवढ्याचसाठी! त्यांच्या यंत्रात तत्पूर्वी कोणताही दोष नव्हता.

धक्क्यावरची रांग

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. जुना संगणक मंद का वाटतो? बहुतेक वेळा त्याचे उत्तर प्रोसेसरमध्ये नसून हार्डडिस्कमध्ये असते. नेहमीच्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला मजकूर वाचकाच्या सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. सुई योग्य जागी सरकण्याचा वेळ निराळाच. आपल्याला ४.२ मिलिसेकंद म्हणजे काहीच नव्हे. पण अडीच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या अवधीत एक कोटीहून अधिक ठोके पडून जातात. त्याचा वेग वाढवून आपण तीन गिगाहर्ट्झ केला, तर तबकडी काही अधिक वेगाने फिरत नाही. पूर्वी प्रोसेसर वाट पाहत सुमारे एक कोटी ठोके मोजत असे, आता तो सव्वा कोटी मोजील, एवढाच काय तो फरक!

समजा, एखाद्या कामास ६० सेकंद लागतात. त्यांतील १५ सेकंद प्रोसेसर राबतो व ४५ सेकंद डिस्कची वाट पाहतो. वेग २० टक्के वाढविला, तर १५ चे साडेबारा होतील. ४५ तसेच राहतील. एकूण वेळ साडेसत्तावन्न सेकंद. अडीच सेकंदांच्या लाभासाठी आपण उष्णता ४० टक्क्यांनी वाढविली! उलट तबकडीऐवजी एसएसडी बसविली, तर तीत फिरणारा भागच नसल्याने मजकूर शोधण्याचा अवधी मिलिसेकंदाच्या दशांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतो. चोपडे-शिवोलीच्या वाटेवर असेच घडले. बोटीचे इंजिन कोणी वाढविले नाही. पूल झाला आणि धक्क्यावरची रांगच उरली नाही.

याचा अर्थ ओव्हरक्लॉकिंग निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. चित्रफितीचे रूपांतर किंवा मोठी आकडेमोड अशा कामांत प्रोसेसर अखंड राबत असतो. तेथे ६० सेकंदांचे ५० सेकंद खरोखर होतात. प्रश्न एवढाच, की आपले काम त्या जातीचे आहे काय? रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये.

चोपड्यातील एक अनुभव

गतवर्षीच्या पावसाळ्यात चोपडे येथील एका घरी असा संगणक पाहण्याचा प्रसंग आम्हांस आला. दहावीतील मुलगा, त्याचा शाळेचा प्रकल्प त्या यंत्रात, आणि यंत्र इतके मंद, की आजीबाई म्हणत, "मी चूल पेटवून चहा करते, तरी ह्याचे तोंड उघडत नाही." मुलगा म्हणाला, "सर, घड्याळ वाढवून पाहू या. ई५२०० आहे, तीन गिगाहर्ट्झ सहज जातो." वडील मात्र काळजीत होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, काय करायचे ते करा, पण नवीन घेणे यंदा जमायचे नाही. आहे ते जाऊ नये म्हणजे झाले."

प्रथम मुलाचा सर्व प्रकल्प आम्ही पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मग विजेची पिन काढून पेटी उघडली. पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता. कोपऱ्यात पालीची अंडी होती. प्रोसेसर व ठोकळा यांमधील उष्णतावाहक लेप वाळून भुकटी झाला होता. कपॅसिटर मात्र सपाट, धडधाकट होते. मऊ ब्रशाने सर्व स्वच्छ केले आणि नवा लेप लावला. यंत्राची तारीख दर वेळी मागे जाई, म्हणून मदरबोर्डवरची सीआर २०३२ क्रमांकाची, नाण्याएवढी बॅटरी बदलली. यासरशी एक तक्रार आपोआप मिटली. महाजालावरील सुरक्षित पृष्ठे उघडत नव्हती, ती उघडू लागली. कारण त्यांची प्रमाणपत्रे तारीख पाहून तपासली जातात आणि हे यंत्र आपण कित्येक वर्षे मागे आहोत असे समजत होते.

नंतर मुलाच्या इच्छेला मान देऊन प्रयोग केला. मूळ ठोका २०० चा २२० केला. यंत्र व्यवस्थित चालले, पण सुरू होण्याच्या वेळेत घड्याळ लावूनही म्हणण्यासारखा फरक दिसेना. मग २४० केला व दाब किंचित वाढविला. यंत्र सुरू झाले. मुलाचा चेहरा उजळला. परंतु आम्ही लगेच 'मेमटेस्ट८६' ही स्मृतिपरीक्षा लावली. काही वेळाने पडद्यावर चुकांच्या तांबड्या ओळी उमटू लागल्या. परीक्षा लावली नसती, तर त्या चुका प्रकल्पाच्या पानांत उमटल्या असत्या. मुलाने आपण होऊन ठोका पुन्हा २०० वर आणला. तेव्हा तो जे शिकला, ते कोणत्याही पुस्तकाने त्यास शिकविले नसते.

बायोसची नवी आवृत्ती उपलब्ध होती. तिच्यासोबतची टीप आम्ही वाचली. तीत नव्या प्रोसेसरांना आधार दिल्याचा तेवढा उल्लेख होता. या घरात नवा प्रोसेसर यावयाचा नव्हता, घरी यूपीएस नव्हते, आणि बाहेर ढग गडगडत होते. आम्ही बायोसला हात लावला नाही. शेवटी एक वापरलेली रॅम आणि एक लहानशी एसएसडी बसविली व तीवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घातली. जुन्या यंत्रांना लिनक्स देण्याची ही कल्पना गोव्यास नवी नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमाने परदेशात वापरून झालेले संगणक येथील शाळांना मिळवून दिले, तेव्हाही लिनक्सचाच आश्रय घेतला होता. संध्याकाळी यंत्र सुरू केले. आजीबाईंचे पाणी उकळावयाच्या आत प्रकल्पाचे पान उघडले होते.

पाळावयाचे नियम

या विवेचनातून जे नियम निघतात, ते थोडक्यात असे.

पहिला नियम, कोणत्याही प्रयोगापूर्वी आपल्या कामाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. यंत्र पुन्हा मिळते, लिहिलेले पुन्हा मिळत नाही.

दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत नोंदवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा व दोष कशाचा हे कळत नाही.

तिसरा, ठोका वाढवावयाचा तर पाच-पाच मेगाहर्ट्झने वाढवावा, प्रत्येक पायरीस तापमान पाहावे व स्मृतिपरीक्षा घ्यावी. यंत्र सुरू झाले म्हणजे ते निर्दोष आहे, असे समजू नये. बोर्डवर बायोसच्या मांडण्या मूळ स्थितीत आणणारी खूण कोठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे.

चौथा, बायोस बदलण्याचे कारण एका वाक्यात सांगता आले तरच तो बदलावा. नवा आहे म्हणून बदलणे हे कारण नव्हे. बदलताना बोर्डाचे नाव व त्यावर छापलेला आवृत्तिक्रमांक अक्षरशः जुळवावा, आज्ञावली निर्मात्याकडूनच घ्यावी, जुनी आवृत्ती जपून ठेवावी, ओव्हरक्लॉकिंग केलेले असल्यास प्रथम वेग मूळ स्थितीत आणावा, आणि यूपीएसवाचून हे काम करू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

पाचवा व शेवटचा, यंत्र उघडण्यापूर्वी घरातील मोठ्यांची अनुमती घ्यावी. विजेची पिन काढावी. आणि वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र कदापि उघडू नये, कारण पिन काढल्यावरही तीत घातक दाब काही काळ साचून राहतो.

विद्यार्थिमित्रहो, जुन्या यंत्रावर प्रयोग करण्याची हौस वाईट नाही. किंबहुना तीतूनच कारागीर आणि शास्त्रज्ञ घडतात. स्फटिक बदलून पाहणारे ते पहिले ग्राहकही हौशीच होते. परंतु हौशीला हिशेबाची जोड हवी. वेळ नेमका कोठे खर्च होतो, हे मोजून पाहण्याचे कष्ट जो घेतो, त्याला बहुधा इंजिन रेटावे लागत नाही. पूल कोठे बांधावा हे त्याला दिसते. आपल्या घरातील जुना संगणक अडगळीत टाकण्यापूर्वी, किंवा त्याला त्याच्या शक्तीबाहेर पळविण्यापूर्वी, एकदा त्याची पेटी उघडून धूळ तेवढी पुसून पाहावी, अशी आमची सर्वांस विनंती आहे.